दंड धुराला, अभय धोरणाला

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की उत्तरेकडून दरसाल एक ठरलेली वार्ता येते. दिल्लीवर धुराचे सावट पसरले, शाळांना सुट्टी दिली, बांधकामे थांबविली, डोळे चुरचुरू लागले. वार्तेपाठोपाठ अपराध्याचा शोध सुरू होतो आणि तो बहुधा पंजाब-हरियाणातील एखाद्या शेताच्या बांधावर जाऊन थांबतो. तेथे काडीपेटी घेतलेला शेतकरी उभा असतो. २०२५ साली तर आगी लागण्यापूर्वीच हा शोध संपला होता. १७ सप्टेंबर रोजी, भाताची कापणी जेमतेम सुरू होत असता, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने पंजाब सरकारला विचारले की, पेंढा जाळणाऱ्यांपैकी काहींना अटक का करू नये? शेतकरी हा अन्नदाता आहे हे मान्य करूनच न्यायालयाने हा प्रश्न केला होता. त्यामागील उद्वेग समजण्याजोगा आहे. परंतु तुरुंगाचे दार उघडण्यापूर्वी ही आग पेटते कशी आणि ती पेटण्याजोगी परिस्थिती कोणी निर्माण केली, याची चौकशी होणे अवश्य आहे. ती चौकशी शेताच्या बांधावर होणार नाही. चंदीगड आणि दिल्ली येथील कचेऱ्यांतच तिचे धागेदोरे सापडतील.

पंजाबातील पेंढ्याशी गोव्याच्या वाचकाला काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आपल्याकडे पेंढा जाळण्याची कल्पनाच चमत्कारिक वाटते. भाताचा पेंढा म्हणजे गुरांचे पावसाळ्यातील अन्न. मळणी झाली की त्याची उडवी रचावयाची आणि ती जपावयाची, ही आपली रीत. पण गोवा स्वतःला पुरेल एवढे भात पिकवीत नाही. आपल्या रेशन दुकानांतील तांदूळ केंद्राच्या साठ्यातून भारतीय अन्न महामंडळामार्फत येतो, आणि त्या साठ्यात पंजाबचा वाटा फार मोठा आहे. उकड्या तांदळाच्या पेजेवर वाढलेला गोमंतकीय त्या तांदळाला नाके मुरडतो, ही गोष्ट वेगळी. गंमत अशी की, तो पिकविणाऱ्या पंजाबी घरातही रोजच्या ताटात रोटीच असते. जो तांदूळ पंजाब स्वतः फारसा खात नाही, तो देशासाठी पिकवितो. आणि त्याचा धूर मात्र त्याच्या एकट्याच्या नावावर लिहिला जातो.

१९६० च्या सुमारास पंजाबात भाताखाली जेमतेम सव्वादोन लाख हेक्टर जमीन होती. आज ती ३० लाख हेक्टरांहून अधिक आहे. हा प्रदेश भाताचा नव्हे. तेथे पाऊस थोडा आणि जमीन हलकी. तरीही शेतकरी भाताकडे वळला, कारण देशाला धान्य हवे होते आणि सरकारने ते हमीभावाने विकत घेण्याचे वचन दिले होते. गहू व भात या दोन पिकांपुरते ते वचन पाळले गेले; बाकी पिकांचे हमीभाव जाहीर होत राहिले, पण ते बहुतांशी कागदावरच राहिले. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता आणि मक्याचा २,४०० रुपये. कागदावर मका भाताहून महाग. परंतु भात मंडईत नेला की सरकार तो उचलते, मका नेला की व्यापारी ठरवील तो दर. अशा स्थितीत मका न पेरणाऱ्या शेतकऱ्यास अडाणी म्हणता येत नाही. त्याला हिशेब उत्तम समजतो.

नव्वदीच्या दशकाअखेर शेतीची वीज फुकट झाली. पाण्याचा खर्च शेतकऱ्याच्या वहीतून नाहीसा झाला आणि भूगर्भातून तो वसूल होऊ लागला. दरवर्षी जेवढे पाणी जमिनीत मुरते, त्याच्या दीडपटीहून अधिक पंजाब उपसतो. विहिरी कोरड्या पडल्या, कूपनलिका खोल गेल्या, आणि सरकारला जाग आली. २००९ साली पंजाबने भूजल रक्षणाचा कायदा केला. १० मेपूर्वी तरवा टाकावयाचा नाही, १० जूनपूर्वी लावणी करावयाची नाही, असा निर्बंध त्याने घातला. उन्हाळ्याच्या ऐन भरात शेतात पाणी तुंबवून ठेवण्याचा अपव्यय टाळावा, हा हेतू सर्वथा योग्य होता. पुढे ही तारीख आणखी पुढे सरकली. २०१८ साली ती २० जूनपर्यंत गेली.

लावणी लांबली म्हणजे कापणीही लांबली. पूर्वी सप्टेंबरअखेर मोकळे होणारे शेत ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मोकळे होऊ लागले. आणि गहू तर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावयास हवा. दोन पिकांच्या मध्ये उरले ते केवळ पंधरा-वीस दिवस. सरदीची कापणी उरकून वायंगणाची तयारी करताना जी धांदल उडते, ती आपल्या शेतकऱ्यास ठाऊक आहे. पण त्याची शेते लहान आहेत, त्याचे दिवसही अधिक असतात. पंजाबात त्याच दिवसांत लाखो हेक्टरांवरील सुमारे दोन कोटी टन पेंढा हलवावयाचा असतो. शिवाय ज्या महिन्यात ही घाई येऊन पडली, त्या महिन्यात वारा मंदावतो, हवा थंड होऊन जमिनीलगत साकळते आणि धूर वर जात नाही. पाणी वाचविण्यासाठी केलेल्या कायद्याने आगीला वर्षातील सर्वांत वाईट पंधरवडा नेमून दिला. कायदा करणाऱ्यांच्या मनात हे नव्हते. पण त्यांच्या टेबलावर हवेचा कागदच नव्हता.

या पंधरवड्याला एका बाजूने भूजलाचा कायदा ढकलतो आणि दुसऱ्या बाजूने आता हवामानही ढकलू लागले आहे. २०२२ सालचा मार्च हा देशातील १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वाधिक तप्त मार्च ठरला. दाणा भरण्याच्या वेळीच गव्हाला झळा बसल्या, दाणा सुरकुतला, उतारा घटला आणि १३ मे २०२२ रोजी केंद्राला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. तो मार्च पंजाबचा शेतकरी विसरलेला नाही. गहू लवकर पेरला तर मार्चच्या उन्हाळ्यापूर्वी दाणा भरतो, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकविण्याची गरज नाही. म्हणजे हवामान जितके तापेल, तितकी नोव्हेंबरातील घाई वाढेल. आणि घाई जितकी वाढेल, तितकी काडी ओढण्याची ओढ वाढेल. शेतातील आगीचा हवामानबदलाशी असलेला हा उलटा संबंध आमच्या चर्चांत क्वचितच येतो. आग हवामान बिघडविते, हे सांगणारे पुष्कळ आहेत. बिघडलेले हवामान आग लावावयास भाग पाडते, हे सांगणारे थोडे.

मग पेंढा गुरांना का घालीत नाहीत? गव्हाचा भुसा तेथेही जपून ठेवतात. परंतु बिगर-बासमती भाताच्या पेंढ्यात सिलिकेचे प्रमाण अधिक असल्याने तेथील गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. पूर्वी विळ्याने कापणी होई तेव्हा बुडख्यापासून पीक निघे. आता कापणी यंत्र वरून कणसे घेते. खाली फूटभर उंचीची धसकटे उभी राहतात आणि त्यांवर सुटा पेंढा विखुरतो. त्यातून नांगर चालत नाही. ही धसकटे न जाळता थेट त्यांतच गहू पेरणारे ‘हॅपी सीडर’ नावाचे यंत्र निघाले आहे आणि ते कामाचे आहे. २०१८ पासून केंद्राने अशा यंत्रांवर साडेतीन हजार कोटींहून अधिक रुपये खर्च केले. एकट्या शेतकऱ्यास ५० टक्के, सहकारी संस्थांस ८० टक्के अनुदान मिळते. तरीही यंत्र ओढावयास दणकट ट्रॅक्टर लागतो, डिझेल लागते. आणि वर्षातील वीस-पंचवीस दिवस चालून यंत्र उरलेले अकरा महिने गोठ्यात गंजते. ज्या दिवशी एकाला ते हवे असते, त्याच दिवशी गावातील सर्वांना हवे असते. भाड्याने घेणाऱ्या लहान शेतकऱ्याची पाळी सर्वांत शेवटी येते. काडीला मात्र पाळी लागत नाही.

आता हवेच्या कायद्याकडे वळू. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये पेंढा जाळण्यावर बंदी घातली. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने राजधानी परिसरासाठी हवा गुणवत्ता आयोग नेमण्याचा अध्यादेश काढला आणि आज्ञाभंगास पाच वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला. दिल्लीच्या वेशीवर शेतकरी ठाण मांडून बसले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत या शिक्षेतून मुक्तता हीही एक होती. २०२१ च्या कायद्यात शेतकऱ्यांना शिक्षेच्या कलमातून वगळण्यात आले, पण ‘पर्यावरणीय भरपाई’ या सोज्ज्वळ नावाने दंड राहिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो दुप्पट झाला. दोन एकरांहून कमी जमीन असल्यास ५,००० रुपये, दोन ते पाच एकरांस १०,००० आणि त्यावर ३०,०००. एवढ्यावर भागले नाही. हरियाणात पेंढा जाळणाऱ्याच्या नावापुढे ‘लाल नोंद’ करून त्याला दोन हंगाम मंडईत माल विकण्यास मनाई करण्याचा आदेश निघाला. कैद गेली, पण पीक विकण्याचा मार्गच बंद झाला. कर्ज घेऊन शेती करणाऱ्यास या दोहोंतील सुसह्य काय, हे सांगणे कठीण आहे.

दंडाचा उपयोग झाला नाही, असे मात्र म्हणता येत नाही. पंजाबात उपग्रहाने टिपलेल्या आगी २०२० साली ८३,००२ होत्या. २०२२ साली ४९,९२२. २०२४ साली १०,९०९. आणि २०२५ साली ५,११४. त्या वर्षी आधीच पुराने पुष्कळ पीक नेले होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. आकडे पाहून कोणीही समाधान मानील. परंतु हे मोजमाप होते कसे? ज्या उपग्रहांवर ही मोजणी अवलंबून आहे, ते पंजाबवरून सकाळी साडेदहा आणि दुपारी दीडच्या सुमारास जातात. अवकाशात एकाच जागी राहून दर काही मिनिटांनी खाली पाहणाऱ्या दुसऱ्या उपग्रहांची चित्रे शास्त्रज्ञांनी तपासली, तेव्हा आगी दुपार उलटल्यावर, संध्याकाळकडे सरकल्याचे दिसले. जळून काळ्या पडलेल्या जमिनीचे क्षेत्र मोजले तरी घट दिसते, पण आगींच्या आकड्यात दिसते तेवढी नव्हे. घट खरी आहे आणि तिचे श्रेय यंत्रांना, अधिकाऱ्यांना व शेतकऱ्यांनाही दिले पाहिजे. तथापि दंडाने शेतकऱ्याला आग विझविण्याबरोबर घड्याळ पाहण्याचीही विद्या शिकविली. संध्याकाळची आग दुपारच्या आगीहून वाईट, कारण रात्रीच्या थंड हवेत तिचा धूर खालीच राहतो.

आम्ही धुराचे समर्थन करीत आहो, असा समज कोणी करून घेऊ नये. एक टन पेंढा जाळला की सुमारे तीन किलो सूक्ष्म कण आणि साठ किलो विषारी कार्बन मोनॉक्साइड हवेत जाते, असा अंदाज आहे. पेंढ्यातील नत्र व गंधक यांचा बराचसा भाग जमिनीस पारखा होतो, तो वेगळाच. हा धूर दिल्लीच्या मंत्र्याच्या नाकात शिरण्यापूर्वी तो शेतकऱ्याच्याच मुलांच्या फुप्फुसांत शिरलेला असतो. पण दिल्लीचे काय? काही दिवशी तेथील प्रदूषणात पेंढ्याचा वाटा तिसऱ्या हिश्शापर्यंत गेल्याचे दिसले. हंगामाची सरासरी काढली तर तो कितीतरी कमी भरतो. डिसेंबर-जानेवारीत शेतात एक काडीही पेटत नाही, तेव्हाही दिल्लीची हवा विषारीच असते. मोटारी, कारखाने, वीजकेंद्रे, रस्त्यावरची धूळ यांच्या मालकांना कोणी उपग्रहाने शोधून लाल नोंद करीत नाही.

या बाबतीत आमचा स्वतःचा अनुभवही बोलका आहे. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ वर्षानुवर्षे भातावर, माडांवर आणि घरांच्या कौलांवर बसत आली; खाणींचा गाळ शेतांत उतरला. तेव्हा धूळ खाणारा शेतकरी होता. त्याला अर्ज लिहावे लागले, पुरावा गोळा करावा लागला, नुकसानीच्या पंचनाम्यासाठी खेटे घालावे लागले. शेतकरी धूर करतो तेव्हा राज्ययंत्रणा आकाशातून त्याच्यावर नजर ठेवते, आणि तो धूळ खातो तेव्हा त्या यंत्रणेला जमिनीवरचेही दिसत नाही.

हवा आणि हवामान यांचे प्रश्न एकच समजण्याचीही एक घोटाळ्याची सवय जडली आहे. पेंढा जळून निघणारा कर्बवायू पुढच्या वर्षीचे पीक बहुतांशी परत शोषून घेते. हवामानाला खरी इजा होते ती काजळीने, मिथेनने आणि नायट्रस ऑक्साइडने. या दोन्ही वायूंचा मोठा उगम आगीत नाही. मिथेन निघतो तो पाणी तुंबलेल्या भातखाचरातून. आणि नायट्रस ऑक्साइड निघतो तो गरजेहून अधिक टाकलेल्या युरियातून. त्याच युरियातून उठणारा अमोनिया हवेतील इतर वायूंशी मिळून सूक्ष्म कण बनवितो. पंचेचाळीस किलोचे पोते २६६ रुपये ५० पैशांत मिळत असेल, तर शेतकरी मूठ आखडती का घेईल? सरकारने दर ठरवून दिलेला हा धूर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याला दंडही नाही.

एका प्रश्नाचे उत्तर दुसरा प्रश्न कसा निर्माण करते, हे अमेरिकेतील कॅलिफोर्नियाने दाखविले आहे. सॅक्रामेंटोच्या खोऱ्यातही भात होते आणि पेंढा सर्रास जाळला जाई. १९९१ साली तेथे कायदा झाला, पण बंदी एका रात्रीत आली नाही. दहा वर्षांत पायरीपायरीने जाळण्याचे क्षेत्र कमी करावयाचे, आणि शेवटी पिकावर रोग पडला असेल तरच, तेही एका मर्यादेपर्यंत, जाळू द्यावयाचे, असे ठरले. शेतकऱ्यांनी हिवाळ्यात शेतांत पाणी सोडून पेंढा कुजविण्यास प्रारंभ केला. हवा स्वच्छ झाली. बदके आणि इतर पाणपक्षी लाखोंनी उतरू लागले. परंतु तुंबलेल्या पाण्यात कुजणाऱ्या पेंढ्यातून मिथेन वाढला. इंग्लंडने १९८९ साली बंदी जाहीर केली आणि अमलात आणली १९९३ पासून. मधली वर्षे शेतकऱ्याला तयारीसाठी मिळाली. आम्ही मात्र लवादाचा हुकूम आधी काढला आणि यंत्रांची योजना त्यानंतर तीन वर्षांनी आणली.

आमच्याकडे हा वाद अगदीच नवा आहे, असेही नाही. कोकणात तरव्याच्या जागेवर शेण, पालापाचोळा, टहाळ पसरून राब भाजण्याची जुनी पद्धत आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात जंगलखात्याने ही उधळपट्टी ठरवून टहाळ तोडण्यावर निर्बंध घातले, तेव्हा ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्यांत इतका असंतोष माजला की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला, आणि राब हा त्याच्यापुढील एक प्रमुख विषय होता. परके सरकारदेखील शेतकऱ्याचे म्हणणे टिपून घ्यावयास बसले. आज आमचे स्वतःचे सरकार उपग्रहाचे चित्र टिपून घेते.

जागतिक परिषदांत आमचे प्रतिनिधी काय सांगतात, तेही पाहण्यासारखे आहे. २०२१ साली ग्लासगो येथे मिथेन घटविण्याची जागतिक प्रतिज्ञा मांडली गेली. भारताने तीवर सही केली नाही. भातशेती आणि गुरे ही आमच्या लहान शेतकऱ्याच्या उपजीविकेची साधने आहेत, त्यांवर आम्ही बंधन घालू देणार नाही, ही त्यामागची भूमिका. ती आम्हास मान्य आहे. परंतु जो लहान शेतकरी परदेशात ढाल म्हणून पुढे धरावयाचा, त्यालाच घरी दंडाची पावती फाडून द्यावयाची, ही विसंगती त्या शेतकऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. डेन्मार्कने २०३० पासून गुरांच्या मिथेनवर कर बसविण्याचे ठरविले आहे. पण तो कर २०२४ साली शेतकऱ्यांच्या संघटनेला वाटाघाटीस बसवून ठरला आणि त्याचे उत्पन्न शेतीच्याच सुधारणेसाठी वापरावयाचे आहे. डेन्मार्कचा गोपालक आणि संगरूरचा शेतकरी यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे खरेच. वाटाघाटीसाठी लागणारी बैठक मात्र कोणत्याही देशाला परवडते.

मुख्य प्रश्न असा की, एवढे भात आम्हाला खरोखर हवे आहे काय? २०२४-२५ च्या इथेनॉल वर्षात केंद्राने अन्न महामंडळाच्या कोठारांतील ५२ लाख टन तांदूळ मद्यार्काच्या कारखान्यांसाठी काढून दिला, क्विंटलला २,२५० रुपये दराने. त्या हंगामात भाताचा हमीभाव होता २,३०० रुपये. क्विंटलभर भात भरडले तर तांदूळ मिळतो सदुसष्ट किलो. म्हणजे सरकारने भात घेतले, ते भरडून घेतले, साठविले, आणि नंतर तो तांदूळ भाताहूनही कमी दराने मोटारींच्या टाक्यांसाठी विकला. ज्या धान्यासाठी पंजाबची भूमी पोखरली आणि दिल्लीचे आकाश काळवंडले, त्याची ही गत. कोठारे भरून वाहत असताना पेंढा जाळणाऱ्यास जाब विचारणारे सरकार, भात पेरावयास लावणाऱ्या खरेदीचा जाब स्वतःला विचारीत नाही.

उपाय माहीत नाहीत, अशी स्थिती नाही. पुसा-४४ हे पाच महिन्यांहून अधिक काळ शेत अडविणारे वाण पंजाबने बंद केले आहे, पी.आर.-१२६ हे लवकर येणारे वाण पसरते आहे आणि त्यामुळे मधले दिवस वाढतात. लावणीऐवजी थेट पेरणी केली तर पाणी वाचते, मिथेन कमी होतो आणि पीकही आठवडाभर लवकर येते. तण मात्र माजते. त्यासाठी पंजाबने एकरी १,५०० रुपये देऊ केले. हरियाणा भात सोडणाऱ्यास वेगळे पैसे देतो आणि पेंढा न जाळणाऱ्यासही एकरी काही रक्कम देतो. तेथील आगी लवकर आटोक्यात आल्या यात नवल नाही. २०२५ पासून पंजाबने लावणीची तारीख पुन्हा १ जूनवर आणली. यामुळे कापणी लवकर होईल, पण भूजलाचे काय होणार, याचे उत्तर कोणी दिलेले नाही. एक खाते पाण्यासाठी तारीख पुढे नेते, दुसरे हवेसाठी मागे आणते, आणि शेतकरी दोन्हीकडची कॅलेंडरे भिंतीवर लावून बसतो. फुकट विजेला हात घालण्याचे धाडस तर कोणत्याच पक्षाला होत नाही. आणि मक्याची व डाळींची खरेदी भाताइतक्या खात्रीने होईपर्यंत ते धाडस अन्यायाचेही ठरेल.

राहिला पैशाचा प्रश्न. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच पेंढा न जाळणाऱ्या लहान शेतकऱ्यांस क्विंटलमागे १०० रुपये द्यावेत, असा आदेश दिला होता. तो मार्ग पुढे चालला नाही. २०२२ साली पंजाबने एकरी २,५०० रुपये देण्याची योजना मांडली. त्यातील १,५०० केंद्राने द्यावेत, उरलेले पंजाब व दिल्लीने वाटून घ्यावेत. केंद्राने नकार दिला. पंजाबात एकरी अठ्ठावीस क्विंटलांच्या आसपास भात येते. क्विंटलला १०० रुपये म्हणजे एकरी २,८०० होतात; न्यायालयाचा आकडा आणि राज्याचा आकडा जवळजवळ जुळतात. तांदळाच्या हिशेबाने हा बोजा पडतो किलोमागे दीड रुपया. २०२३ पासून रेशनचा तांदूळ मोफत असल्याने तो बोजा ग्राहकाच्या पिशवीवर न पडता केंद्राच्या तिजोरीवर पडेल, म्हणजे गोव्यासकट साऱ्या देशावर. तांदूळ साऱ्या देशाने खावा आणि त्याच्या पेंढ्याची विल्हेवाट एकट्या पंजाबी शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने करावी, हा व्यवहार आजवर आम्ही मुकाट्याने चालवून घेतला. दीड रुपयाने आगी समूळ थांबतील, असे नाही. पण तो दिल्यानंतरही जो जाळील, त्याला दंड करताना सरकारला मान खाली घालावी लागणार नाही.

खरीप पिकांचे हमीभाव दरवर्षी मे-जूनच्या सुमारास जाहीर होतात, आणि पंजाबची लावणी आता १ जूनला सुरू होते. पेंढा न जाळलेल्या भाताला वेगळा दर द्यावयाचा असेल, तर तो त्या घोषणेतच असला पाहिजे. ऑक्टोबरात यंत्र शेतात उतरल्यावर नव्हे.